तिसऱ्या वयाचे विद्यार्थी

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला पहिले काही महिने मोकळा वेळ फार गोड वाटतो. पुढे तोच वेळ अंगावर येऊ लागतो. वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचून होते, भाजी आणून होते, आणि तरी घड्याळात दहाच वाजलेले असतात. शरीर थकते हे खरे. परंतु आता आपले कोणावाचून अडत नाही आणि आपल्यावाचूनही कोणाचे अडत नाही, ही जाणीव त्याहून अधिक थकवते.

फ्रान्समधील तुलूज येथे १९७३ साली पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी अशा वयस्कांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडले. त्या उपक्रमाचे नाव ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’. शिक्षणाचे ते पहिले वय, नोकरी-संसाराचे दुसरे, त्यापुढचे तिसरे. तुलूजला शिकवीत ते प्राध्यापकच. ही कल्पना केंब्रिजला पोहोचली, तेव्हा १९८१-८२ च्या सुमारास इतिहासकार पीटर लॅस्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे रूपच पालटले. पगारी शिक्षक नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवावे आणि जे येत नाही ते त्यांच्याकडून शिकावे. आज ब्रिटनमध्ये अशी हजाराहून अधिक मंडळे आहेत. कोणाच्या दिवाणखान्यात दगडांचा अभ्यास करणारा गट जमतो, कोठे पक्ष्यांचा, कोठे ताऱ्यांचा.

यात नवे ते काय, असे मराठी माणूस विचारील. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी मंडळींनाही व्याख्यानांची आवड जुनीच. परंतु व्याख्यानाचा श्रोता ऐकून घरी जातो. गटात त्याला स्वतः काही करावे लागते, आणि एखाद्या आठवड्यात तो आला नाही तर त्याची वहीतली ओळ कोरी राहते.

अशा हौशी नोंदींना विज्ञानात किंमत असते काय? पुष्कळच असते. काही ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत राहते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम मुख्यतः हौशी निरीक्षकांनीच केले. न्यूझीलंडचे अल्बर्ट जोन्स यांनी किराणा दुकान चालविले, मोटारीच्या कारखान्यात काम केले, आणि आयुष्यभरात अशा ताऱ्यांची पाच लाखांहून अधिक निरीक्षणे नोंदविली. त्यांना पहिला धूमकेतू १९४६ साली सापडला. दुसरा सापडला २००० साली. तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते. तारुण्यापासूनचा त्यांचा छंद पासष्टीत नव्याने धरणाऱ्याला कदाचित धूमकेतू देणार नाही, पण नोंद ती नोंदच.

तिमिंगल राशीतील मीरा हा तारा आरंभास उत्तम. त्याची एक फेरी सुमारे ३३२ दिवसांची. तेजाच्या भरात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, एरवी दुर्बीण लागते. कार्तिक ते पौष या महिन्यांत संध्याकाळी तो आकाशात बराच वर असतो. एक गच्ची, एक साधी द्विनेत्री दुर्बीण, एक नकाशा आणि चारपाच माणसे, एवढी तयारी पुरते.