"मी घरीच असते" असं लिहून देऊ नका
(पेण व रोहा तालुक्यांतील गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी ओळख करून देताना निम्म्याअधिक जणी म्हणाल्या, "मी काही करत नाही, घरीच असते." त्यातल्या दोघी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, एक पापड लाटून विकते. आज अपघाताच्या दाव्याबद्दल बोलायचंय आणि तिथे हेच वाक्य सगळ्यात महाग पडतं.

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, आपला सगळा पट्टा मुंबई-गोवा महामार्गाचा. समजा, नाक्यावर उभ्या असलेल्या ताईला गाडीने उडवलं, उजवा हात मोडला. आधी दवाखाना. तिथे "पडले" असं सांगू नका. वाहनाने धडक दिली, हेच केसपेपरवर येऊ द्या. मग पोलिसांत तक्रार, गाडीचा नंबर, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत. गाडीवाला म्हणेल, "आपसात मिटवू." कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. गाडीचा विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आपल्याकडे अलिबागच्या जिल्हा न्यायालयात. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिने. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळण्याचीही सोय आहे. ती घ्यावी की पूर्ण दावा लावावा, हे आधी वकिलांना विचारा. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. तिथे गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला 2 लाख.

पूर्ण दाव्यात रक्कम कमाईवर ठरते. ताईचं वय 38, कमाई महिना 8,000. म्हणजे वर्षाचे 96,000. 36 ते 40 वयाला 15 ने गुणतात, झाले 14,40,000. हात अधू झाल्याने कमाईची ताकद 20 टक्के गेली असं ठरलं, तर 2,88,000. औषधपाणी, सोसलेला त्रास याचे पैसे वेगळे. पण कागदावर "घरीच असते" आलं आणि कमाई 4,000 धरली गेली, तर हातात 1,44,000. एका वाक्यात निम्मे गेले!

आणि निव्वळ घर सांभाळणारीचं काय? तिच्या कामालाही किंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये लता वाधवा खटल्यात ती पैशात धरली, 2021 मध्येही तेच सांगितलं. म्हणून व्यवसायाच्या रकान्यात लिहा: घरकाम आणि मूर्तींचं रंगकाम. घरकाम आणि पापडविक्री. जे खरं करता ते सगळं.

पुरावा कुठून आणायचा? तो आपल्याच पिशवीत आहे. गटाचं बचत पुस्तक, कर्जफेडीच्या नोंदी, मजुरीची वही, पापडाची बिलं. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित लेखे, आपण कंटाळत पाळतो. अडचणीत तेच उभं राहतं.

वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर 15100 वर फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून आणायची: मी काय काम करते आणि महिन्याला किती कमावते. लिहिता येत नसेल तिची ओळ शेजारणीने लिहायची.