आश्विनातला गळ आणि घरचा रस्सा



आज आपण मनीषनगरात जमलो आहोत. नागपूरच्या दक्षिणेची, वर्धा रस्त्याजवळची, रेल्वेच्या रुळांपलीकडची ही वस्ती. इथे कामाधंद्यासाठी आलेली पुष्कळ माणसे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडची आहेत. दसरा-दिवाळीला गावी गेलात म्हणजे तुम्ही काय करता? घर सारवता, देवदर्शन करता, आणि पोरांना घेऊन तलावावर जाता. आज त्या तलावाचे बोलू.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1999 साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नवेगावबांधचा मोठा तलाव आता गोंदियात आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे लोक सांगतात. कोहळी लोक तलाव बांधण्यात मोठे हुशार. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे. त्या पाण्यावर धान पिकायचे. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. 1951 साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव. थोडक्यात मामा तलाव. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे बरं का! पण पोरांना पोसतो मात्र मामासारखाच.

आता आश्विन महिना पहा. पाऊस सरत आलेला असतो. गढूळ पाणी निवळते. हलके धान पिवळे पडू लागते. निंदणीची घाई संपलेली, कापणी अजून पुढे. वर्षातून असे थोडेच दिवस मोकळे मिळतात. म्हणून सकाळी लवकर उठावे. बांबूची काठी, दोरी, गळ, गांडुळे आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, एवढे सामान पुरे. ऊन तापले की मासा खोल जातो. सकाळी आणि सांजेला तो काठाशी येतो.

गळ टाकून बसले की बोलणे आपोआप हळू होते. धांडा एकदा हलतो, दोनदा हलतो. पोरगं लगेच काठी ओढतं. आजोबा म्हणतात, "थांब ना बाबू, त्याला गिळू तर दे!" शाळेच्या अभ्यासात बापलेक इतका वेळ शेजारी बसतात का? आम्हाला तरी तसे फारसे दिसत नाही. मुलगी असेल तर तिलाही न्या. गळाला मुलगा-मुलगी कळत नाही.

जाण्याआधी एक विचारून घ्यावे. तलावातल्या मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर-भोई बंधूंच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे भरून बोटुकली सोडलेली असते. तेच त्यांचे शेत. आपल्या शेतातली लोंबी कुणी न विचारता कापली तर आपल्याला चालेल काय? घरापुरता गळ टाकायला पुष्कळ ठिकाणी ते नाही म्हणत नाहीत. पण विचारलेले बरे. पाळीवर पाटी असेल तर आता ती तुम्हाला वाचताही येते.

मरळ नावाचा मासा तुम्हाला माहीत आहे. त्याची पिल्ले लालसर असतात. ती पाण्यावर घोळका करून फिरतात, आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात. त्या वेळी मरळ मारली की बाकीचे मासे सारा घोळका खाऊन टाकतात. जाणता ढिवर असा घोळका दिसला की गळ दुसरीकडे नेतो. तसेच पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या पाण्याने वर चढतात. त्यांना ओढ्यात अडवून टोपल्याच्या टोपल्या मारणारे लोक आहेत. कुणी पाण्यात विष घालतात, कुणी विजेची तार सोडतात. अशा तलावात आश्विनात काय सापडणार? धांडा दिवसभर हलत नाही, आणि मग लोक तलावाला दोष देतात. तारेने तर माणसेही दगावतात.

शहरातली गोष्ट वेगळी. ज्या पाण्यात गटार येते, तिथला मासा घरी आणू नये. बाजारातून घेताना डोळे चकचकीत आहेत का, कल्ले लाल आहेत का, ते पहावे. अंगावर बोट दाबावे. खड्डा तसाच राहिला तर मासा शिळा.

शिंगी मासा काढताना जपावे. तिचा काटा लागला की हात ठणकतो. तो हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा, आराम पडतो. ठणका थांबला नाही तर दवाखान्यात जावे.

आता घरचे. इथे आम्ही पुरुषमंडळींना थोडे टोचणार आहोत. गळ टाकण्याची मौज तुमची. मग टोपले अंगणात आदळायचे आणि म्हणायचे, "लवकर सयपाक कर." विळीवर खवले काढायचे तिने, चुलीपाशी बसायचे तिने, आणि जेवायचे शेवटी. तोवर गंजात उरते काय? शेपटी आणि रस्सा! ही कसली सणाची मौज? मासा ज्याने आणला त्यानेच साफ करावा. मागूर हातातून निसटते, तिला राख चोळावी म्हणजे धरता येते. हे काम पुरुषाला जमत नाही असे कुणी सांगू नये.

मासा स्वच्छ धुऊन मीठ-हळद लावून ठेवावा. कांदा निखाऱ्यावर भाजावा. सुके खोबरे, लसूण, धने, मिरची पाट्यावर बारीक वाटावी. जवसाचे तेल असेल तर उत्तम, त्याची चवच निराळी. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, चिंचेचे पाणी घालावे, उकळी आली की मासा सोडावा. मग डाव घालून ढवळू नये, मासा मोडतो. गंज दोन्ही हातांनी धरून हलवावा. उतरवताना वरून सांबार. बारीक मासे व झिंगे असले तर ते कुरकुरीत परतावे. बारीक मासे काट्यासकट चावून खाल्ले म्हणजे हाडांना बळ देणारा चुना मिळतो. लहान लेकराला मात्र काटे काढूनच द्यावे.

भात नव्या धानाचा असो की जुन्या, सगळ्यांनी एकत्र बसावे. सासू, सून, लेक, जावई, सगळी. डोके म्हाताऱ्यांना आवडते, ते त्यांना वाढावे. मधला तुकडा कुणाला, यावर पोरे भांडतील. या वेळी तो चुलीपाशी बसलेलीच्या ताटात आधी पडू द्या. ती "मला नको" म्हणेल. तरी वाढा.