शरीरातले रफूकाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिन म्हटला की गाणे व्हावे, एखादी नाटिका व्हावी. तेथे माझ्यासारख्या शाळामास्तरणीला विज्ञानावर बोलायला उभे करण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईच करू जाणोत! विषय मात्र माझा मी निवडला आहे. म्हातारपण काहींना लवकर गाठते, काहींना उशिरा, असे का?

‘शरीर झिजते म्हणून’ असे आपण सहज म्हणून जातो. पण झीज तर पाळण्यातल्या बाळाच्या शरीरातही होत असते. आपल्या पेशींत डी.एन.ए. नावाचा अतिसूक्ष्म, दुपदरी गोफ असतो. शरीर कसे घडवावे, कसे चालवावे, याच्या साऱ्या सूचना त्याच्यावर असतात. हा गोफ भलताच टिकाऊ असावा अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. स्वीडनमध्ये जन्मलेल्या टॉमस लिंडाल यांनी ती खोटी ठरवली. ऊन लागले नाही, धूर लागला नाही, तरी पेशीतल्या पाण्याने आणि प्राणवायूनेच एकेका पेशीत रोज हजारो बारीक इजा होतात. मग आपण जगतो कसे? तर आत अखंड रफूकाम चालू असते म्हणून. एका पदरातला बिघडलेला तुकडा कापून काढायचा, समोरच्या पदरावरची नक्षी पाहायची आणि तिला जुळेल असे विणून द्यायचे. या कामाचा उलगडा केल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार या तिघांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुर्कस्तानातल्या सांजारांच्या आईवडिलांना स्वतःला शिक्षण मिळाले नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह. हे मी मुद्दाम सांगते आहे.

रफू नीट झाले नाही तर? १९०४ साली ओटो वेर्नर या जर्मन डॉक्टरांनी एका कुटुंबातील भावंडांचा विकार नोंदवून ठेवला. या विकारात विशीतच केस पिकतात, तिशीच्या सुमारास मोतीबिंदू होतो. १९९६ साली त्याचे कारण हाती लागले. गोफाचे पदर उकलून दुरुस्तीला मदत करणारे एक प्रथिनच या लोकांत सदोष असते. उलट बाजूही पाहा. १९७४ साली चिचुंद्रीपासून हत्ती व माणसापर्यंत सात सस्तन प्राण्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा ज्याचे आयुष्य मोठे त्याच्या पेशी अतिनील किरणांची इजा अधिक चांगली भरून काढतात असे दिसले. अर्थात दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि वार्धक्याची इतरही कारणे आहेत. पण हे एक मोठे कारण आहे, यात आता फारशी शंका उरलेली नाही.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक बाई होत्या, एव्हलिन विटकिन. १९४४ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांनी जंतूंवर अतिनील किरण सोडले. जवळजवळ सारे मेले, बोटांवर मोजण्याइतके उरले. दुसऱ्या कुणी बशी धुऊन टाकली असती. या बाईंनी विचारले, हेच का वाचले? त्या एका प्रश्नाचा माग त्यांनी पुढे कितीतरी वर्षे काढला. २०२३ साली त्या वारल्या तेव्हा १०२ वर्षांच्या होत्या. (त्यांच्या आयुष्याचे श्रेय त्यांच्या विषयाला देण्याचा मोह मलाही झाला होता!)

आता घरातली गोष्ट. माझी आई आणि मावशी, दोघीही स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. आईने गाठ किती महिने लपवली कोण जाणे. पदराखालचे दुखणे सांगायचे कुणाला? लोक म्हणत, घराण्याला शाप आहे. तो शाप नव्हता, भगिनींनो. गोफाचे दोन्ही पदर एकदम तुटले तर ते बिनचूक सांधण्याच्या कामी बी.आर.सी.ए. नावाची दोन जनुके लागतात. त्यांतले एखादे सदोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीला स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. असा दोष आईकडूनच येतो असे नाही, वडिलांकडूनही येतो. शंभरांतल्या पाच ते दहा स्त्रियांचाच स्तनाचा कर्करोग असा वारशाने आलेला असतो, तेव्हा सगळ्यांनी धास्ती घेऊ नये. पण ज्यांच्या घरात दोघीतिघींना हा रोग झाला, विशेषतः लहान वयात, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ही रक्ततपासणी करून घ्यावी. मी पन्नाशी उलटल्यावर केली. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. दोष निघाला. तेव्हापासून ठरल्या वेळी तपासणीला जाते, आणि मुलीलाही सांगितले आहे. ते सांगणे तपासणीपेक्षा अवघड गेले.

तारुण्य टिकवणाऱ्या पुडींच्या जाहिराती तुम्ही पाहता. हे रफूकाम वाढवून माणसाचे आयुष्य लांबवणारी पूड अजून सिद्ध झालेली नाही; पैसे वाचवा. फाडाफाड कमी करणे मात्र आपल्या हाती आहे. मशेरी आणि तंबाखू या गोफाला थेट इजा करतात. ज्यांच्या घरी चूल आहे, त्यांनी धूर बाहेर जाईल असे करावे.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. कुणाला चारचौघींत विचारायचा संकोच वाटत असेल तर चहा झाल्यावर मी आतल्या खोलीत बसलेली आहे. दार लोटून घेऊ.