वाळवंटातले महिला मंडळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याच मंडळाच्या कार्याविषयी बोलावे, असा प्रघात आहे. तो मोडून मी आज फार लांबच्या एका मंडळाची हकिकत सांगणार आहे. तिच्यात आपण घेण्याजोगे पुष्कळ आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, तीन राज्यांच्या सीमा जेथे मिळतात तेथे, सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटरचा वाळवंटी मुलूख आहे. आपल्या सबंध महाराष्ट्राहून मोठा. आणि तेथील मूळच्या रहिवाशांची संख्या किती, तर सहा हजारांच्या आसपास! हे लोक स्वतःला आनंगू म्हणवितात. जमिनीच्या हक्काच्या वाटाघाटी चालू असता बायकांचे म्हणणे कोणी विचारीत नाही, हे तेथील भगिनींच्या ध्यानात आले आणि १९८० साली त्यांनी आपली स्वतंत्र महिला परिषद काढली. तिच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे अपंगांची बाजू घेणे. आज मी तेवढ्याविषयीच बोलणार आहे.

२०१३ साली ऑस्ट्रेलियाने अपंगांसाठी राष्ट्रीय विमा योजनेचा कायदा केला. पात्र माणसाच्या गरजा पाहून त्याच्यासाठी आराखडा करावयाचा आणि त्याप्रमाणे पैसा द्यावयाचा, अशी ही योजना. कल्पना चांगलीच आहे. पण वाळवंटात पैसा मंजूर झाला, तरी व्यायाम शिकविणारा किंवा आंघोळ घालणारा माणूस शेकडो किलोमीटरांत मिळत नाही. शहरातली चाकाची खुर्ची वाळूत रुतून बसते. कागद इंग्रजीत आणि घरची भाषा निराळी.

याहून खोल अडचण मनाची आहे. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या कित्येक भाषांत 'अपंग' या अर्थाचा नेमका शब्दच नाही. ज्याला चालता येत नाही तोही घरातलाच एक. त्याचे सगळे आपोआप होत असते. ही गोष्ट खरोखर वाखाणण्याजोगी आहे. परंतु अर्जावर 'तुम्हाला काय काय करता येत नाही?' असा रकाना असतो. परका साहेब विचारतो, "तुमचे तुम्हाला जमते ना?" समोरच्याचा मान राखावा म्हणून उत्तर येते, "हो." साहेब लिहितो, मदतीची गरज नाही. त्या एका 'हो'पायी म्हाताऱ्या आईच्या पाठीवरचे ओझे तसेच राहते.

नात्यांचेही नियम कडक आहेत. जावई आणि सासू यांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही. म्हणून दुभाषी कोण न्यावा, हे आधी विचारावे लागते. नाहीतर सारी भेट फुकट. बायकांच्या शरीराच्या गोष्टी पुरुषापुढे निघत नाहीत, हे तर आपल्याला समजावून सांगावयास नकोच.

यावर तिकडे एक साधी रीत आहे. त्यांच्या भाषेत 'माल्पा' म्हणजे सोबती. कामाला दोघी मिळून जातात: एक आनंगू, एक बाहेरची. बाहेरचीला कायदा आणि कचेरी ठाऊक. आनंगू सोबतिणीला भाषा, नाती आणि कोठे गप्प बसावे हे ठाऊक. एकीवाचून दुसरीचे काम अडते.

बाजू घेणे आणि सेवा देणे यांत फरक आहे, तोही ध्यानात घ्यावा. सेवा देणारा विचारतो, "आमच्याजवळ आहे त्यातले तुम्हाला काय देऊ?" बाजू घेणारी विचारते, "तुम्हाला काय हवे?" गावी सोय नाही म्हणून अपंग माणसाला दूरच्या शहरात नेऊन ठेवतात. तेथे पलंग मिळतो, औषध मिळते. पण आपली माती, आपली भाषा, आपले नातेवाईक अंतरतात. अशा वेळी "हिला जावयाचे आहे का, हे हिला कोणी विचारले?" असे म्हणणारे कोणीतरी लागते. नुसत्या दयेने हे काम होत नाही. त्याला चिकाटी लागते.

त्या बायका एवढ्यावरच थांबल्या नाहीत. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने त्या भागातली तरुण मुले मेंदूला इजा होऊन जन्माची अपंग होत होती. मुले मरतही होती. परिषदेने इतरांबरोबर सरकारकडे सतत तगादा लावला. २००५ साली 'ओपल' नावाचे, हुंगून नशा न येणारे पेट्रोल आले, आणि ते जेथे मिळू लागले तेथे हे व्यसन पुष्कळ ओसरले. अपंगत्वाचे मूळच तोडणे, हेही बाजू घेणेच होय.

भगिनींनो, आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत सिकलसेलही आहे, आणि तो गडचिरोली, नंदुरबार या भागांतील आदिवासी घरांत आढळतो. तेथेही पाड्यापासून दवाखाना लांब आणि कचेरीची भाषा घरच्या भाषेहून वेगळी. म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दाखल्यासाठी, पेन्शनसाठी कोणाबरोबर जावयाचे झाल्यास आपल्यापैकी दोघींनी जावे. त्यांतली एक त्या माणसाची भाषा जाणणारी असावी. आणि साहेबांनी आपल्याकडे पाहून प्रश्न विचारला, तर आपण उत्तर देऊ नये. "त्यांनाच विचारा," एवढेच म्हणावे, आणि त्यांचे सांगून होईपर्यंत शेजारी बसून राहावे.