कंपवात आणि चुंबकाचा उपचार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय कशाला, असे काही जणींना वाटेल. परंतु आपल्या मंडळातील तीन-चार घरांत कंपवात आहे, आणि माझे घर त्यांपैकीच एक. ह्यांना हा विकार जडून आठ वर्षे झाली. हाताची थरथर सर्वांना दिसते. पण घरच्या माणसांना त्याहून जड जाते ते चालता चालता पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होणे.

या रोगाचे वर्णन १८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या झिजत गेल्या की अंग ताठते, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होते. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी ही उणीव पुष्कळशी भरून निघते. मात्र काही वर्षांनी एकेका गोळीचा अंमल कमी वेळ टिकू लागतो.

अशा वेळी कानावर येते, की डोके न उघडता चुंबकाने मेंदूला चालना देता येते. ही भोंदूगिरी नव्हे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून मेंदूचा हालचालीचा भाग चेतविला, आणि हाताचे स्नायू हलले. उपचारात रोगी खुर्चीत जागाच बसतो, वेटोळे टकटक वाजते, आणि असे रोज थोडा वेळ, काही आठवडे चालते. दुसऱ्या प्रकारात डोक्यावर ओलसर पट्ट्या बांधून एक-दोन मिलिअँपिअर इतकी सौम्य वीज सोडतात. मेंदूत तार बसविण्याची शस्त्रक्रिया ती याहून अगदी निराळी.

मग गुण किती येतो? चुंबकाने चालणे व हालचालीचा मंदपणा काही रोग्यांत थोडाफार सुधारतो, असे प्रयोगांत आढळले आहे. सौम्य विजेबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. झिजलेल्या पेशी मात्र कशानेच परत येत नाहीत. शिवाय या रोगात नुसत्या आशेनेही माणूस काही काळ बरा चालतो! म्हणून प्रयोगात काहींना खोटे वेटोळे लावून तुलना करावी लागते.

आम्ही हा उपचार घेतला. ह्यांचे चालणे थोडे मोकळे झाले, थरथर होती तशीच राहिली, आणि दीड महिन्यात चालणेही पूर्वपदावर आले. एका रोग्यावरून सर्वांचा निवाडा करू नये. पण त्याआधी एका ठिकाणी आम्हांला "गोळ्या सुटतील" असे सांगण्यात आले होते, त्यावर विसंबून दागिने मोडले असते तर काय झाले असते?

म्हणून भगिनींनो, पैसे भरण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांना चार गोष्टी विचारा. कोणते लक्षण सुधारेल? किती दिवस टिकेल? एकंदर खर्च किती? आणि आमच्या रोग्याला धोका काय? पूर्वी फिट आलेली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. गोळ्या मनाने कधीही बंद करू नका. एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते.

बिनखर्चाचे उपायही आहेत. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून त्या ओलांडीत चालणे, टाळ्यांच्या ठेक्यावर पाऊल टाकणे, रोजचा व्यायाम. यांनी अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. माझी मंडळाला एवढीच विनंती, की आपली ही खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा रोग्यांसाठी मोकळी ठेवावी. ठेका धरायला आपले हात आहेतच.