बालकांची लघुदृष्टी : चष्मा आणि मोकळे आकाश
(व्याख्यानाचा सारांश)



लहान मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, फळ्यावरील मजकूर शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते, लांबचे पाहताना डोळे बारीक करते. पुष्कळ घरांत याला खोड समजून दटावले जाते. वास्तविक ही लघुदृष्टीची लक्षणे असू शकतात आणि अशा मुलाला दटावण्याची नव्हे, तर नेत्रतपासणीची आवश्यकता असते.

लघुदृष्टीत नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांबट वाढतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नाही. गाजर आहारात अवश्य असावे. परंतु त्याने नंबर उतरत नाही. मोठेपणी लेझर शस्त्रक्रियेने चष्मा जातो, नेत्रगोलाची लांबी मात्र तशीच राहते. नंबर उणे सहाच्या पुढे गेल्यास पडदा सुटणे, काचबिंदू यांसारख्या व्याधींचा धोका आयुष्यभर वाढलेला असतो. म्हणूनच बालवयात नंबरची वाढ रोखण्याला महत्त्व आहे.

यावरील सर्वांत सुलभ उपाय बिनखर्चाचा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा प्राथमिक शाळांत २०१० ते २०१३ या काळात एक प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटांचा जादा तास उघड्या मैदानावर देण्यात आला. उर्वरित सहा शाळांत नेहमीचाच क्रम राहिला. तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी जडली, तर मैदानावर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. खेळ कोणता, याला फारसे महत्त्व नाही. दिवसाचा उघड्यावरील प्रकाश महत्त्वाचा. घरातील दिव्यांच्या उजेडाला त्याची सर येत नाही. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी दररोज १२० मिनिटे उघड्यावर घालविण्याचे धोरण स्वीकारले आहे.

मैदानाचा मुख्य लाभ चष्मा लागण्यापूर्वी होतो. चष्मा लागलेल्या मुलांसाठी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब आणि विशेष रचनेची भिंगे उपलब्ध आहेत. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ०.०१, ०.०२५ व ०.०५ टक्के मात्रांपैकी ०.०५ टक्क्यांचे थेंब अधिक प्रभावी ठरले. हे उपचार नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावेत. त्यांनी नंबरची वाढ मंदावते. चष्मा सुटत नाही.

चष्मा वापरल्याने नंबर वाढतो, हा समज मात्र सोडावयास हवा. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढल्याचे मलेशियातील २००२ सालच्या अभ्यासात आढळले. मुलीच्या बाबतीत तर पुढे विवाह जमताना अडचण येईल, या भीतीने चष्मा टाळला जातो किंवा चारचौघांत काढून ठेवावयास सांगितला जातो. अशा कन्येला वर्गात फळा दिसत नाही, ती मागे पडते आणि दोष तिच्या बुद्धीला दिला जातो. लोकलज्जेची ही किंमत तिने का मोजावी?

प्रत्येक कुटुंबाने मुलांची दरवर्षी नेत्रतपासणी करावी, पुस्तक व मोबाईल डोळ्यांपासून हातभर दूर ठेवण्याची सवय लावावी, आणि शाळा व शिकवणीच्या वेळापत्रकात मैदानासाठी दोन तास राखून ठेवावेत. मुलांसाठी धन साठविणाऱ्या समाजाने त्यांची दृष्टीही तितक्याच दक्षतेने जपावी, हीच विनंती.