कळवलं कोणी?

(परिचारिका आणि आरोग्य-कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मी स्वतः नर्स नाही. समोर इतक्या अनुभवी सिस्टर बसलेल्या असताना त्यांच्या कामाबद्दल बोलायचं धाडस करतेय, ते एका मैत्रिणीमुळे. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं अमेरिकेत एका रुग्णालयात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. ही मैत्रीण मूळची सांगलीकडची. इथं जीएनएम केलं, लग्नानंतर तिकडे आली, तिथली परवान्याची परीक्षा दिली, नोकरी सांभाळून पदवी पुरी केली. आज ती हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी करते. वय ३७, पदरात एक मुलगी. तिला भूल देणारी नर्स व्हायचंय. त्या शिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी मुलाखत द्यावी लागते. त्या मुलाखतीची तयारी आम्ही दोघींनी मिळून केली, त्याची ही हकिगत.

आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, म्हणून आधी थोडी माहिती देते. अमेरिकेत नर्सनं भूल देण्याची परंपरा शंभरावर वर्षांची आहे. मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर इथं काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ या नर्सनं १९०६ साली १४,००० हून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला मृत्यू एकही नव्हता. तरीही नर्सनं भूल देणं म्हणजे बेकायदा वैद्यकी, असा आक्षेप घेऊन डॉक्टर मंडळी कोर्टात गेलीच. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं डॅग्मार नेल्सन या नर्सच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे हे क्षेत्र बायकांनी उभं केलं आणि बायकांनीच लढून टिकवलं. आज मात्र त्यात ४० टक्क्यांच्या आसपास पुरुष आहेत. एकूण नर्सिंगमध्ये पुरुष साधारण दहात एक. जिथं अधिकार आणि पगार जास्त, तिथं हे प्रमाण असं का बदलतं, याचा विचार तुम्हीच करा.

प्रवेशासाठी परवाना, पदवी आणि अतिदक्षता विभागातला निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. २०२२ पासून नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांना थेट डॉक्टरेटच करावी लागते. ती किमान ३ वर्षांची. या काळात नोकरी जमणार नाही, असंच धरून चालायचं.

पहिल्या वर्षी ती एकटीच तयारी करून गेली. औषधांचे डोस, रक्तातल्या वायूंचे आकडे, व्हेंटिलेटरची गणितं, सगळं तोंडपाठ. प्रवेश मिळाला नाही. मला म्हणाली, "माझं इंग्लिश कमी पडलं गं." मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तालीम सुरू केली. मी परीक्षक, ती उमेदवार. मी म्हटलं, "तुझ्या निर्णयामुळे रुग्णाच्या बाबतीत फरक पडला, असा एक प्रसंग सांग. मराठीतच सांग." ती सांगू लागली, "ऑपरेशन होऊन आलेला पेशंट होता. छातीतल्या नळीतून रक्त येत होतं, ते एकाएकी थांबलं. रक्तदाब उतरत चालला आणि हृदयाकडे येणाऱ्या शिरेतला दाब मात्र चढत गेला. सर्जनना कळवण्यात आलं. पेशंटला परत थिएटरमध्ये नेण्यात आलं. पेशंट वाचला."

मी विचारलं, "कळवलं कोणी?"

"मीच की."

"मग सर्जन काय म्हणाले?"

"म्हणाले, सलाईन वाढवा, सकाळी बघू. पण नळी थांबली म्हणजे रक्तस्राव थांबला असं नसतं. रक्त आतच साठून हृदयाला दाबतंय, हे मला दिसत होतं. मी दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला. तरी येईनात, तेव्हा आमच्या पाळीच्या प्रमुख नर्सला सांगून त्यांच्या वरिष्ठांना उठवलं."

"हे तू मागच्या वर्षी मुलाखतीत सांगितलंस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "स्वतःचं स्वतः काय सांगायचं? आणि डॉक्टरांची तक्रार केल्यासारखं होतं ते."

मैत्रिणींनो, मराठी बोलतानाही ती तसंच बोलत होती. म्हणजे प्रश्न इंग्लिशचा नव्हताच. कळवण्यात आलं, नेण्यात आलं, वाचला. त्या सगळ्या प्रसंगात जी रात्रभर उभी होती, तीच वाक्यात नव्हती. घरी गेल्यावर मी माझेच जुने अहवाल काढून पाहिले. "कुटुंबीयांचे समुपदेशन करण्यात आले." कोणी केलं? मीच. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी मीही तशीच निघाले.

यावर तिनं एक रास्त शंका काढली. म्हणाली, "एकटीनं थोडंच केलं? मी मी करणं आपल्याला शोभतं का?" मला वाटतं, ज्यांनी ज्यांनी केलं त्यांचं श्रेय त्यांना द्यावंच. प्रमुख नर्सनं साथ दिली, हे सांगायचं. सर्जननं शेवटी येऊन छाती उघडली, हेही सांगायचं. पण मग मी काय पाहिलं, काय ओळखलं, काय केलं, तेही त्याच यादीत यायला हवं. आपण "आम्ही" म्हणतो तेव्हा त्या "आम्ही"त डॉक्टरांचं नाव आपोआप वर येतं. सिस्टरचं येत नाही.

दुसरा अवघड प्रश्न चुकीचा. "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा." आधी ती म्हणे, झालीच नाही. मग जी सांगायला लागली ती इतकी, की जणू गुन्हाच कबूल करतेय. जन्मभर बोलणी खाल्लेल्या बाईला चूक सांगणं म्हणजे शिक्षा मागणंच वाटतं. आम्ही उत्तराचे तीन भाग पाडले: काय चुकलं, लगेच काय केलं, त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं. पंपावर औषधाचा वेग एकदा चुकीचा लावला गेला होता. छे, "मी लावला होता." हे वाक्य म्हणायला तिला चार दिवस लागले.

आणि एक मुलाखत घरी होती. लग्न झालंय का, हे प्रवेशाआधी विचारायला तिथल्या संस्थांना मनाई आहे, १९७२ च्या कायद्यानं. घरात असा कायदा नसतो. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "मुलीकडे कोण बघणार?" नवऱ्यानं विचारलं, "तीन वर्षं तुझा पगार नाही, घराचे हप्ते कसे भरायचे?" हे प्रश्न खोटे नव्हते. आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. हप्ता, फी, कर्ज, पाळणाघर असं सगळं मांडलं. मुलीचं सकाळचं आवरणं आणि शाळा नवऱ्याच्या नावावर लिहिली. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केल्यासारखी मान हलवली.

निकाल काय, हे तुम्ही विचारणारच. दुसऱ्या खेपेला ती वेगळ्या संस्थेत मुलाखतीला गेली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. जागा मिळेल, न मिळेल. फोनवर मला म्हणाली, "या वेळी त्या रात्रीचं सगळं सांगितलं, माझ्यासकट. नाही झालं तर पुढच्या वर्षी परत जाईन." मागच्या वर्षी ती अर्ज फाडायला निघाली होती.

तुमच्यातल्या कुणी त्या मुलाखतीला जाणार नाहीत कदाचित. पण बढतीची मुलाखत असते, चौकशी समिती असते, पुढच्या शिक्षणाचा अर्ज असतो. आता चहाला दहा मिनिटं आहेत. दोघी-दोघी समोरासमोर बसूया. एकीनं आपल्या पाळीतला एक प्रसंग सांगायचा. दुसरीनं फक्त एवढंच विचारत राहायचं: केलं कोणी?